उस्तवार नको!

दगडाच्या गोदामात लिंबू घेऊन जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या वरच्या मजल्यावरचे अप्पा.

लिंबू अर्धं कापलेलं, स्टीलच्या डबीत. डबी कापडी पिशवीत. त्याच पिशवीत हळदीची पुडी, तेलाची छोटी बाटली, भिजवलेल्या कणकेचा गोळा, कापूस, सुनेचं नेलपॉलिश काढायचं औषध, भिंग, टेप आणि एक दोनशे पानी वही. कात्रज-कोंढवा रस्त्याला दगडाची गोदामं आहेत. तिथल्या पहिल्याच गोदामात अप्पांनी नमुन्याचा एक तुकडा मागून घेतला आणि त्याच्याभोवती हा सगळा सरंजाम मांडला. मालक मूळचा राजस्थानचा, पण मराठी खणखणीत. त्यानं डबीत, पुडीत, बाटलीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "काका, पोहे टाकताय? कांदा मागवू?"

अप्पा हसले नाहीत. तपासणीच्या वेळी ते हसत नाहीत. एका बँकेच्या तपासणी विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली. शाखेत गेल्यावर समोर आलेला चहासुद्धा ते आधी बाजूला ठेवत, कारण चहा घेतला की माणूस मऊ पडतो. मी मात्र चहा घेतला. माझा या प्रकरणातला अधिकृत सहभाग गाडी चालवण्यापुरता होता.

अप्पांचं अवघं तत्त्वज्ञान दोन शब्दांत मावतं: उस्तवार नको. वस्तू घ्यायची ती एकदाच, आणि घेतल्यावर तिनं आपल्याकडे काही मागता कामा नये. गॅलरीतल्या कुंड्या त्यांनी काढून टाकल्या, कारण झाडांना पाणी लागतं. तुळस राहिली ती काकूंच्या धाकानं. चपला एकाच जातीच्या, एकाच मापाच्या, एकदम तीन जोड. झिजल्यावर दुकानात जायची उस्तवार नको. दाढीचं कोडं मात्र त्यांना आजवर सुटलेलं नाही. केली तर रोज करा, राखली तर आठवड्याला कातरा. यात कमी वेळ कशाला लागतो याचा त्यांनी महिनाभर वहीत मिनिटामिनिटाचा हिशोब मांडला होता. त्या महिन्यात दाढी करायला त्यांना वेळ झाला नाही.

ओट्याचं प्रकरण सुरू झालं ते माझ्या छतातून. आमचं स्वयंपाकघर बरोबर त्यांच्याखाली. एका श्रावणात आमच्या छतावर पिवळसर डाग उमटला, त्याला शेजारी दुसरा भेटला आणि गणपती येईपर्यंत टपटप सुरू झाली. वर त्यांच्या सिंकचा सांधा गेला होता. दुसरं कोणी असतं तर प्लंबर बोलावून सांधा भरून घेतला असता. अप्पा ओट्यासमोर उकिडवे बसले, टॉर्च मारला, उठले आणि म्हणाले, "सांधा आज भरला की दोन वर्षांनी पुन्हा भरा. ही उस्तवार नको. ओटाच बदलू. एकदाच, पण कायमचा."

मी घरी येऊन छताखाली एक पातेलं ठेवलं. तात्पुरतं.

जुना ओटा कडप्प्याचा. १९८६ साली ही सोसायटी झाली तेव्हा कोथरूडमधल्या बहुतेक घरांत तोच असायचा. आंध्रातल्या कडपा जिल्ह्यावरून नाव पडलेला हा काळा दगड मराठी घरात कुठं नव्हता? ओट्यावर होता, मांडणीला होता, मोरीच्या कट्ट्यावर होता, कपाटात फळ्या म्हणून होता. पण जात चुनखडकाची, त्यामुळे आंबटाशी जन्माचं वैर. लिंबू सांडलं की वरचा थर खाल्ला जातो आणि काळ्यावर पांढुरका चट्टा उठतो. कितीही घासा, जात नाही. तिथला दगडच गेलेला असतो.

अप्पांच्या ओट्यावर चाळीस वर्षांचा आंबटपणा वाचता यायचा. खिडकीजवळ लोणच्याच्या बरणीचं वर्तुळ, शेगडीच्या डाव्या हाताला चिंचेच्या कोळाचा ओघळ, मधोमध आमसुलाच्या साराचं एक तळं. कडेला जिथं नारळ फोडत तिथं टवका. अप्पांच्या आई होत्या तोवर हा भूगोल झाकलेला असायचा. दर शनिवारी केसांना खोबरेल लावून झालं की त्या तळहाताला राहिलेलं तेल ओट्यावर पुसायच्या. तेवढ्यानं तो कडप्पा डुंबून आलेल्या म्हशीसारखा काळाभोर दिसायचा. त्या गेल्या, आणि ओटा राखाडी पडला. म्हातारीचं तेल ही त्या दगडाची उस्तवार होती हे अप्पांच्या लक्षात आलं असावं, पण ते तसं बोलले नाहीत.

नवा ओटाही काळाच, यावर घरात एकमत होतं. कारण हळद. पांढऱ्या ओट्याच्या घरात फोडणी करणाऱ्याचा हात थरथरतो.

आता काळा म्हणजे कुठला काळा? इथं अप्पांनी पहिले चार महिने खर्च केले. मोह्स नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड लावून दिली आहे, ती त्यांनी पाठ केली. टाल्क एक, हिरा दहा. कडप्प्यातलं कॅल्साइट तीन. सुरीचं पोलाद साधारण साडेपाच. फेल्डस्पार सहा, क्वार्ट्झ सात. एका संध्याकाळी मी पातेल्याची परिस्थिती सांगायला वर गेलो, तर ते काकूंना समजावत होते, "अगं, तुझी सुरी साडेपाच आहे. म्हणजे दगड सहाच्या वर हवा."

"अहो, सुरीला धारच नाहीये," काकू दोडका चिरता चिरता म्हणाल्या, "ती आधी लावून आणा."

पुढचा शोध असा, की काळा ग्रॅनाइट हा मुळी ग्रॅनाइट नव्हेच. भूशास्त्राच्या हिशोबानं ग्रॅनाइट फिकट असतो, त्यात क्वार्ट्झ भरपूर असतं. बाजारात जेट ब्लॅक म्हणून मिळतो तो गॅब्रो नाहीतर डोलेराइट. दगडवाले मात्र कठीण आणि चकाकणाऱ्या कुठल्याही दगडाला ग्रॅनाइट म्हणतात. हा अन्याय अप्पांना सहन झाला नाही. त्यांनी त्या पोहेवाल्या मालकाला तो सविस्तर ऐकवला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "काका, गॅब्रो म्हणा नाहीतर गब्बर म्हणा, स्क्वेअर फुटाचा भाव तोच."

मग ब्लॅक गॅलेक्सी. हा दगड ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीचा, जगभर जातो. काळ्यावर सोनेरी ठिपके, रात्रीच्या आकाशासारखे. मला आवडला. अप्पांनी खिशातून चिमूटभर मोहरी काढून त्यावर टाकली आणि मला म्हणाले, "मोज." मला सतरा सापडल्या. त्यांनी वीस टाकल्या होत्या. ब्लॅक गॅलेक्सी बाद. मोहरीचं ऐकून काकूंनी घरी विचारलं, "मोहरीचं जाऊ द्या. काळ्यावर झुरळ कसं दिसायचं?" या एका प्रश्नानं काम तीन आठवडे पुढं गेलं.

मध्येच एका वातानुकूलित दालनात कृत्रिम क्वार्ट्झ बघून आलो. टाय लावलेल्या मुलानं अप्पांना 'सर' म्हटलं, कॉफी दिली, लिंबू स्वतःहून पिळून दाखवलं. लिंबू पास, हळद पास, तेल पास. मी मनातल्या मनात पातेलं उचलून ठेवलं. शेवटी अप्पांनी विचारलं, "चुलीवरची कढई थेट ठेवली तर?" मुलगा म्हणाला, खाली काहीतरी ठेवायला लागेल; क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये बांधलेला असतो, रेझिनला फार उष्णता चालत नाही. "म्हणजे ओट्यासाठी आणखी एक ओटा घ्यायचा," असं म्हणून अप्पा उठले. खाली उतरल्यावर त्यांनी मला दुसरं कारण सांगितलं. हा दगड कापताना उडणारी क्वार्ट्झची धूळ कारागिरांच्या फुप्फुसात बसते. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली ती त्याचमुळे. "आपली उस्तवार वाचवायला दुसऱ्याची छाती जायची," ते म्हणाले. एवढं बोलून गाडीत गप्प बसले. अप्पांबद्दल मला जे काही वाटतं त्यात या वाक्याचा वाटा मोठा आहे, पातेलं भरत असतानासुद्धा.

दिवाळीनंतर एक स्वाभिमानाचा झटका येऊन गेला. आंध्र कशाला, कर्नाटक कशाला, आपला सह्याद्री काय कमी काळा आहे? साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, वेरूळचं कैलास ज्यातून कोरून काढलं तो कातळ! पुरावा घरातच होता. गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आईंचा पाटा होता, त्यावर जन्मभर चिंच-मिरची वाटली गेली आणि एक चट्टा नाही. अप्पांनी पाटा धुऊन त्यावर लिंबू पिळून रात्रभर ठेवलं. पाटा पास. मग गोदामात जाऊन बसाल्टची पॉलिश केलेली दहा फुटी लादी मागितली. तो मालक पहिल्यांदा मोकळेपणानं हसला. "काका, तो दगड आम्ही ओट्यावर नाही घालत. फोडून खडी करतो, स्लॅबात घालतो. तुमच्या बिल्डिंगीत आहेच की तो."

पण अप्पांच्या कारकिर्दीचा कळस गाठला गेला तो चौथ्या गोदामात. तिथं काळा इतका काळा होता, की तो बघून अप्पांनाही क्षणभर चहा घ्यावासा वाटला. भाव इतरांपेक्षा कमी. 'फुल जेट ब्लॅक, अंकल, शंभर टक्के.' अप्पांनी लिंबू बाहेर काढलंच नाही. त्यांनी कापूस घेतला, त्यावर सुनेचं औषध ओतलं आणि लादीच्या कोपऱ्यात घोळून घोळून घासलं. बोळा काळा झाला.

"धूळ आहे," दुकानदार म्हणाला.

अप्पांनी दुसरा बोळा घेतला, त्याच जागी. तोही काळा. तिसरा घेतला. लादीवर रुपयाएवढं एक करडं वर्तुळ उघडं पडलं, एखाद्यानं केसांना कलप लावावा आणि कानाजवळ विसरावं तसं. करड्या दगडाला काळा रंग पाजतात हे अप्पांनी वाचलं होतं. घरात चार महिने ॲसिटोनचा वास होता तो याच घटकेसाठी. त्यांनी लादीच्या मागची, पॉलिश न केलेली बाजू बघायला मागितली. तीही करडी. चढा आवाज नाही, भांडण नाही. तिन्ही बोळे त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घातले, वर तारीख लिहिली आणि वहीला टाचले. परतताना सबंध रस्ताभर ते शीळ घालत होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना इतका धडधडीत अपहार सापडला नसावा.

एकवीस चौरस फूट दगड निवडायला अकरा महिने लागले. शेवटी ठरला तो पहिल्या गोदामातला, पहिल्या दिवशी पाहिलेला जेट ब्लॅक. जाडी अठरा मिलिमीटर, आरशासारखी पॉलिश. लेदर फिनिशही होता, खरबरीत, बोटांचे ठसे न दाखवणारा. पण त्यावर अप्पांनी कणकेचा गोळा लाटून पाहिला आणि खळग्यांत राहिलेली कणीक भिंगातून मला दाखवली. "आरसाच घ्यायचा. एकदा फडकं फिरवलं की झालं. उस्तवार नको."

मिस्त्री आला. अप्पांनी त्याला वही उघडून मोह्सपासून सुरुवात केली. मिस्त्री ऐकत होता, पण त्याची नजर काकूंवर होती. मध्येच तो म्हणाला, "ताई, जरा हात कोपरातून दुमडा बरं." काकूंनी हात दुमडला. त्यानं कोपराखाली चार-पाच बोटं सोडून भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली. रेघ जुन्या ओट्यापेक्षा चांगली चार इंच वर होती. जुना ओटा आईंच्या उंचीचा. आई जेमतेम पावणेपाच फूट, काकू पाच फूट पाच इंच. लग्न होऊन आल्यापासून काकू त्या ओट्यावर वाकून उभ्या होत्या. त्यांची कंबर दुखते हे सोसायटीत सर्वांना ठाऊक होतं. अप्पांनी वही चाळली. त्यात दगडाची घनता होती, पाणी शोषण्याचं प्रमाण होतं, उंचीचं पान नव्हतं. त्यांनी ते तिथल्या तिथं उघडलं, आकडा लिहिला आणि बराच वेळ पेनाचं टोपण लावत राहिले.

लादी बसवायच्या दिवशी मी सुट्टी काढली होती. पातेल्याच्या निरोप समारंभाला घरात कोणीतरी हवं. सिंकचं भोक पाडायला कटर घेऊन एक पोरगा आला, एकोणीस-वीसचा, तोंडाला रुमाल. अप्पांनी त्याला थांबवलं. आतून मास्क आणला, नाकावर नीट बसला का ते स्वतः चेपून पाहिलं. मग झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली घेऊन, रबरी चपला घालून, एकाहत्तर वर्षांचे अप्पा त्या पोराशेजारी उकिडवे बसले आणि पातं जसजसं पुढं सरकेल तसतशी त्यावर बारीक धार सोडू लागले. धूळ उडाली नाही, तिचा राखाडी चिखल झाला. तो अप्पांच्या धोतरावर, फ्रिजवर, देवघराच्या दारावर उडाला आणि शेवटी बाथरूममधून वाहत जिन्यात आला. सेक्रेटरींनी नोटीस लावली. दोन तास अप्पा जागचे हलले नाहीत. उठताना मात्र त्या पोरानंच त्यांना हात धरून उठवलं.

ओटा झाला. खरंच देखणा. लिंबू पिळा, कढई ठेवा, सुरी ओढा, त्याला ढिम्म होत नाही. अप्पांनी आम्हां खालच्यांना, वरच्यांना, समोरच्यांना बोलावून पेढे दिले आणि प्रत्येकाला सांगितलं, "आता मरेपर्यंत याच्याकडे बघायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पूर्वेच्या खिडकीतून तिरपं ऊन ओट्यावर पडलं. अप्पा चहा गाळायला गेले आणि त्यांना तो दिसला. ठिपका. पांढरा, कडेला गडद, मध्ये फिका. मग दुसरा. मग सिंकपासून शेगडीपर्यंत सगळी आकाशगंगा. त्यांनी बाद केलेला ब्लॅक गॅलेक्सी रातोरात घरात आला होता.

सिंकवर दोन नळ आहेत, एक पिण्याच्या पाण्याचा आणि दुसरा भांड्यांसाठी बोअरचा. बोअरचं पाणी जड. थेंब वाळला की चुना मागं राहतो. करड्या कडप्प्यावर तो चाळीस वर्षं पडत होता आणि कोणाला दिसला नव्हता. जेट ब्लॅकच्या आरशात तो वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखा दिसू लागला. पिठाचा कण दिसे, मिठाचा दिसे, डब्याचं बूड दिसे, आणि कामाच्या मावशींनी हात टेकला तर पाचही बोटं दिसत. अप्पांनी मावशींना सूक्ष्म धाग्यांचं खास फडकं दिलं आणि ओला, मग कोरडा, मग तिरपा असा क्रम समजावला. मावशींनी पदर खोचत विचारलं, "काका, ओटा पुसायचा का आरसा? आरश्याचे येगळे पैसे पडतील."

तेव्हापासून अप्पा स्वतःच पुसतात. सकाळी सातला, दुपारी बाराला, जेवणं उरकल्यावर, आणि झोपताना एकदा मोबाइलचा टॉर्च आडवा धरून. चुन्याचे ठिपके फडक्यानं जात नाहीत. त्यावर त्यांनी पुष्कळ वाचन करून उपाय काढला, तो मी परवा प्रत्यक्ष पाहिला. डबीतून अर्धं लिंबू काढलं, ठिपक्यावर फिरवलं, मिनिटभर थांबले, पुसलं. ठिपका गायब.

"अप्पा," मी म्हटलं, "हे ठिपके म्हणजे चुना. कडप्पाही चुनाच."

"माहीत आहे मला," ते मान वर न करता म्हणाले. "कोणाला बोलू नकोस."

काकूंना अर्थात माहीत आहे. ओटा फोडला त्या दिवशी त्यांनी मिस्त्रीला सांगून जुन्या कडप्प्याचा दीड फूट बाय एक फूट तुकडा कापून घेतला होता, बरोबर लोणच्याच्या बरणीचं वर्तुळ असलेला. तो आता नव्या ओट्यावर खिडकीजवळ असतो. कुकर त्याच्यावर उतरतो, लिंबू त्याच्यावर कापलं जातं, नारळ त्याच्यावर फुटतो, पोळ्यासुद्धा त्याच्यावर लाटल्या जातात. जेट ब्लॅकवर काकू काही करत नाहीत. "तुमचं पुसून होऊ द्या," म्हणतात, ताठ उभ्या राहून. शनिवारी केसांना तेल लावून झालं की हात त्या तुकड्यावर फिरवतात. तो पुन्हा काळाभोर झाला आहे.

तुकड्याचं वजन अकरा किलो. अप्पांनी काट्यावर मोजलं आहे, कारण त्याच्याखाली पाणी साचतं, आणि रोज सकाळी सातला तो उचलून त्यांना खालचं पुसावं लागतं.